मुंबई सोडून तालुक्याच्या गावी: आधी काय, मग काय

महिन्याला एखादा तरी फोन येतोच. ‘‘आमचं ठरलं. इथलं घर सोडतोय. तिकडे प्लॉट पसंत केलाय, विसारही देऊन झालाय. आता पुढे काय काय करावं लागेल?’’ पुढचं सांगता येतं हो, पण सगळ्यात शेवटी करायचं काम या मंडळींनी सगळ्यात आधी उरकलेलं असतं. मग ते निस्तरण्यातच वर्ष जातं.

आम्ही २०२२ च्या ऑक्टोबरात मुलुंडहून चिपळूणला आलो. आमच्याही चुका झाल्या. त्या ओघात सांगतो. खालची उदाहरणं बरीचशी कोकणातली आहेत. घाटावर किंवा मराठवाड्यात जाणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतील, क्रम मात्र हाच ठेवा: हिशेब, गाव, दोन फेऱ्या, भाड्याचं घर, कामाची परवानगी, शाळा, मग शहरातली नोटीस, सामान, कागद. आणि खरेदी? ती इथे एक पावसाळा आणि एक मे महिना काढल्यावर.

## १. हिशेब: भाडं एका ओळीत, बाकीचं चार पानांत

घरभाडं तिसऱ्या हिश्श्यावर आलं म्हणून संसाराचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येत नाही. आमच्या वहीतले आकडे देतो, तुमचे वेगळे असतील.

मुलुंडला वन बीएचकेचं भाडं ३२,००० होतं. चिपळूणला टू बीएचके ११,००० ला मिळाला. फरक २१,००० रुपये. इथपर्यंत सगळेच हिशेब करतात आणि पेढे वाटतात. आता वजाबाकी बघा. मुंबईत लोकलचा पास पुरायचा, इथे स्कूटर घ्यावी लागली. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग मिळून ३,०००. मुंबईच्या फेऱ्या, कधी ऑफिससाठी, कधी आईच्या तपासणीसाठी, कधी कुणाच्या लग्नासाठी: २,५००. दुसरं इंटरनेट आणि इन्व्हर्टरचा खर्च महिन्यावर टाकला तर १,३००.

आणि जे मी वहीत लिहिलंच नव्हतं ते: कर. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावर सूट मिळते ती तीन रकमांतल्या सगळ्यात लहान रकमेवर. मिळालेला भत्ता, भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा केल्यावर उरलेली रक्कम, आणि मूळ पगाराचे मुंबईत ५० टक्के, चिपळूणसारख्या ठिकाणी ४० टक्के. भाडंच ११,००० झालं की मधली रक्कम आक्रसते आणि सूट जवळजवळ संपते. आमचा कर महिन्याला सुमारे ४,००० रुपयांनी वाढला. नव्या करपद्धतीत असाल तर ही सूट मुळातच नाही, त्यामुळे हा फटकाही नाही.

एकूण वजा १०,८००. म्हणजे २१ हजारांचे १०,२०० उरले. त्यात सुरुवातीचा खर्च धरा: टेम्पो, हमाली, इन्व्हर्टर, गॅस, शाळेचा प्रवेश आणि गणवेश, ताडपत्र्या. आमचे ८५ हजार गेले. पहिले आठ महिने बचत म्हणाल तर शून्य.

भाजी स्वस्त मिळेल हा तर गोड गैरसमज. कोकणातल्या बाजारात बरीचशी भाजी घाटावरून येते आणि घाटात दरड आली की त्या दिवशी कोथिंबिरीची जुडी हातात धरवत नाही. मासळीचं म्हणाल, तर जून-जुलैत मासेमारीला बंदी असते.

तपासा: सगळी वजाबाकी झाल्यावर उरलेली रक्कम भाड्यातल्या फरकाच्या एक तृतीयांशाहून कमी येत असेल तर निव्वळ पैशांसाठी हलू नका. दुसरं काही कारण असेल तर गोष्ट वेगळी.

सावधान: शहरातल्या घराचं डिपॉझिट परत हातात पडेपर्यंत ते हिशेबात धरू नका. सहा महिन्यांचा खर्च त्याशिवाय बाजूला हवा.

## २. गाव निवडताना किलोमीटर नको, मिनिटं मोजा

पहिली दोन वर्षं तालुक्याच्या ठिकाणी, नगरपरिषदेच्या हद्दीत राहा, असं मी सगळ्यांना सांगतो. आडबाजूची वाडी, समोर नदी, मागे काजूची बाग हे सगळं नंतर. वाडीत राहायला माणसांची ओळख लागते, ती तालुक्याच्या गावात राहून होते.

तीन गोष्टींची मिनिटं मोजा, तीही पावसात आणि रात्री: अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय, मुलांची शाळा आणि एसटी स्टँड किंवा स्टेशन. रुग्णालयाबद्दल नुसतं ‘‘आहे ना’’ ऐकून घेऊ नका. अँजिओप्लास्टी होते का, नवजात बाळांचा कक्ष आहे का, डायलिसिस आहे का, तुमच्या विमा कंपनीची कॅशलेस सोय कुठल्या रुग्णालयात आहे, असे सुटे प्रश्न विचारा. कोकणात फुरसं हा विषारी साप चावण्याचे प्रकार होतात. सापाच्या विषावरची लस जवळ कुठे मिळते ते आधीच माहीत हवं. आमच्याकडे कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे कसं जायचं ते पहिल्याच आठवड्यात स्कूटरवरून जाऊन पाहिलं.

आता आपलं स्वतःचं गाव. ‘‘गावी घर आहेच की आमचं’’ हे वाक्य मुंबईत फार सहज निघतं. घर असतं खरं, पण ते कुणाचं? सातबारा काढून बघा. आजोबांचं नाव, त्याखाली पाच काका-आत्या, त्यातल्या तिघांचे वारस, अशी अठरा-वीस नावं निघतात. तुम्ही पाच लाख घालून कौलं उतरवून पत्रे घातलेत, न्हाणीघर बांधलंत, तरी ते घर सगळ्यांचंच राहतं. गणपतीत सगळे येणार, आणि माजघरात कोण झोपणार यावरून पहिली ठिणगी पडणार. भाऊबंदकी वाईटच असते असं नाही, पण डागडुजीला हात घालण्याआधी सगळ्या हिस्सेदारांशी बोलून वाटणीपत्र किंवा निदान लेखी संमती घ्या. आणि तोवर गावातच, पण भाड्याने राहा. लोक हसतील. हसू द्या.

## ३. दोन फेऱ्या: एक जुलैत, एक मेमध्ये

हा टप्पा लोक गाळतात, आम्हीही गाळला होता. ऑक्टोबरात घर बघितलं. भात पिवळं पडलेलं, हवा स्वच्छ, भिंती कोरड्या ठणठणीत. पुढच्या जुलैत पश्चिमेच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. कपाट ओढलं तर मागे बोटभर काळी बुरशी, आणि तळाशी ठेवलेल्या लग्नाच्या शालूवर तिचेच ठिपके. घरमालकाने शांतपणे सांगितलं, ‘‘त्या बाजूला झडप बांधायला लागते ना दरवर्षी. तुम्ही विचारलं नाहीत.’’ खरंच विचारलं नव्हतं. झडप म्हणजे पावसाचा मारा अडवायला भिंतीबाहेर बांधतात तो आडोसा.

जुलैची फेरी. मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी नको. निदान दोन रात्री मुक्काम करा. घर पाहताना कपाट, पलंग ओढून मागची भिंत बघा आणि हात लावा. नवा रंग फक्त खालच्या चार-पाच फुटांत दिसला तर का दिला ते विचारा. तळमजल्यावर वीजमीटर आणि बटणं डोक्याच्या वर बसवलेली दिसली, तर विचारायचीही गरज नाही. तिथे पाणी आलेलं आहे. चिपळूणला २६ जुलै २००५ ला पूर आला होता आणि २२ जुलै २०२१ ला त्याहून मोठा, बाजारपेठ बुडाली. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ आणि २०२१ सांगायला नको. जलसंपदा विभागाने नद्यांच्या पूररेषा आखल्या आहेत: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात नकाशा बघायला मिळतो. पण त्याआधी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारा, ‘‘एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं?’’ त्या हात वर करून दाखवतात.

मेची फेरी. हिचा विषय एकच, पाणी. ‘‘पाण्याची काही अडचण नाही’’ हे उत्तर कुणी दिलं तरी ऐकून सोडून द्या आणि तीन प्रश्न विचारा: पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं, किती वेळ येतं? महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत आणि काही मोठ्या शहरांतही नळाला रोज पाणी येत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही मेच्या अखेरीस वाड्यांवर टँकर फिरतात. लातूरला तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. घराला विहीर असेल तर झाकण काढायला लावा आणि आत डोकावा. टाकी किती लिटरची, पंप कुणाचा, पंपाचं बिल कुणी भरायचं, हे त्याच दिवशी बोलून घ्या.

दोन्ही फेऱ्यांत औषधाच्या दुकानात जाऊन एक डोकेदुखीची गोळी घ्या आणि विचारा, ‘‘रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं?’’ गावाबद्दल सगळ्यात खरी माहिती मेडिकलवाल्याकडे असते. विजेचंही त्यालाच विचारा, त्याचा फ्रीज चालू ठेवायचा असतो. ‘‘लाइट जाते का?’’ असं विचारू नका, कुठे जात नाही? ‘‘गेल्या पावसाळ्यात सलग किती तास गेली होती?’’ असं विचारा.

## ४. भाड्याचं घर: करार तोंडी नको

छोट्या गावात घरं इंटरनेटवर कमी आणि किराणा दुकानात जास्त सापडतात. शाळेतले शिक्षक, बँकेतले बदलीवर आलेले कर्मचारी, एसटीतले नोकरदार यांना विचारा. त्यांच्या बदल्या होत असतात आणि घरं रिकामी होत असतात. भाड्यापेक्षा माणूस कोण येतोय याचीच घरमालकाला जास्त काळजी असते, त्यामुळे दोघांनी मिळून जा, मुलांनाही न्या.

मग ठरलेलं वाक्य येतं: ‘‘आपल्यात कशाला करार-बिरार?’’ इथे हसून, पण ठाम राहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ‘‘खर्च मी भरतो’’ म्हणालात की निम्मा विरोध मावळतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे किरकोळच. तुमच्या दृष्टीने हा करार म्हणजे पुढच्या सगळ्या कागदांची किल्ली; आधारवरचा पत्ता, गॅस, बँक, सगळं यावरून होतं.

करारात एवढं लिहून घ्या: वीजबिल आणि पाणीपट्टी कुणी भरायची, छताची आणि झडपेची डागडुजी पावसाआधी कोण करणार, सेप्टिक टाकी कुणी उपसायची, गणपती-शिमग्याला मालकाचं कुटुंब घरात उतरणार का. शेवटचं हास्यास्पद वाटेल, पण विचारा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं कामही याच आठवड्यात उरकून टाका.

चूक: ११ महिन्यांच्या करारात सोडण्याची मुभा न ठेवणं. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस असू द्या. गाव आवडलं नाही तर निघता आलं पाहिजे.

## ५. काम आणि इंटरनेट

साहेबांचा तोंडी होकार धरू नका. घरून काम करण्याची परवानगी ईमेलवर घ्या आणि त्यात तीन गोष्टी असू द्या: कुठल्या गावाहून, किती काळासाठी, महिन्यातून किती दिवस ऑफिसला यायचं. काही कंपन्या गाव बदललं की पगाराची रचना बदलतात, तेही आधीच विचारा. साहेब बदलले की तोंडी होकार त्यांच्याबरोबर जातो.

इंटरनेट दोन वेगळ्या मार्गांनी हवं: एक फायबरची तार, दुसरं वेगळ्या कंपनीचं मोबाइल सिम. ‘‘फायबर येते’’ असं कुणी म्हणालं तर शेजारच्या घरात जाऊन तुमच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करून बघा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. एवढं पुरे.

## ६. शाळा: तारखा इथे ठरतात

लहान मुलं असतील तर सगळं वेळापत्रक शाळेभोवतीच बांधावं लागतं. शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होतं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत नव्या शाळेत जाऊन जागा आहे का ते विचारा, वार्षिक निकाल लागला की जुन्या शाळेतून दाखला काढा. आधी दाखला आणि मग शाळा शोधणं, असं उलटं करू नका. दाखला निघाला की जुन्या शाळेतलं नाव गेलेलं असतं.

दाखला हातात पडल्यावर तिथेच, शाळेच्या पायरीवर उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आईचं नाव, आधार क्रमांक, शिक्षण खात्याच्या ऑनलाइन नोंदीतला विद्यार्थ्याचा सरल आणि यूडायसचा क्रमांक. आमच्या मुलाच्या दाखल्यावर जन्माचा महिना चुकला होता. दुरुस्तीसाठी दोनदा मुंबईला जावं लागलं, दोन रजा गेल्या. शिवाय आम्ही आलो दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे वर्षाच्या मधोमध. पोरगं नव्या वर्गात गेलं तेव्हा सहामाही होऊन गेलेली आणि बाकं ठरलेली.

सीबीएसईतून राज्य मंडळात येणार असाल तर मराठी आणि इतिहासाची पुस्तकं मेमध्येच आणून ठेवा. दहावीत असलेल्या मुलाला हलवू नका. नववीचाही दोनदा विचार करा.

तपासा: २५ मेच्या आत सामान नव्या घरात पोचेल अशा बेताने मागे मोजत या. त्यानंतर कोकणात पावसाचा आणि चाकरमान्यांच्या परतीच्या गर्दीचा, दोन्हींचा भरवसा नाही.

## ७. आता शहरातली नोटीस

नव्या घराचा करार नोंदला गेला, शाळेत जागा पक्की झाली आणि कामाचा ईमेल आला, की मगच मुंबईच्या घरमालकाला नोटीस द्या. लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिलीत तर त्यांचं उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. डिपॉझिटातून रंगकामाचे पैसे कापण्याची प्रथा आहे. घर सोडायच्या आठवडाभर आधी मालकाला बोलावून प्रत्येक खोली दाखवा, फोटो काढा आणि किती कापणार ते त्याच दिवशी आकड्यात ठरवा. किल्ली आणि डिपॉझिटाची देवाणघेवाण एकाच वेळी, एकाच टेबलावर.

मुंबईत स्वतःचं घर असेल तर विकू नका. निदान दोन वर्षं नाही. भाड्याने द्या आणि ते भाडं गावच्या खर्चाला वापरा. परत यायची वेळ आली तर त्याच भागात तेवढ्याच पैशांत घर मिळणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

## ८. सामान

वन बीएचकेचं सामान छोटा हत्तीत बसत नाही, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी. टाटा ४०७ टेम्पो लागतो. टू बीएचके असेल तर आयशरचा ट्रक. परतीची गाडी मिळाली तर भाडं बरंच कमी होतं; तुमच्या गावाहून आंबा, काजू, चिरे असं काही घेऊन मुंबईला आलेले टेम्पोवाले शोधा.

पॅकर्स-मूव्हर्स घेणार असाल तर सामानाच्या यादीसह लेखी दर, त्यात चढवणे-उतरवणे, मजल्याचे पैसे, टोल आणि विमा धरलेत का ते स्पष्ट लिहिलेलं हवं. सामान गाडीत चढल्यावर ‘‘साहेब, अजून आठ हजार होतील’’ ही पद्धत जुनी आहे. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका.

आणि गाडी दारापर्यंत जाते का ते बघा! आमचा टेम्पो पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी थांबला. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला, वर बघितलं आणि विचारलं, ‘‘दादा, घर कुठाय?’’ घर होतं जांभ्याच्या एकसष्ट पायऱ्या वर. घर बघायला आलो तेव्हा त्या पायऱ्यांचं कोण कौतुक केलं होतं. फ्रीज दोघांनी दोरखंडाने पाठीवर घेतला, कपाटाचे भाग सुटे केले आणि हमालीचा आकडा टेम्पोच्या भाड्याच्या निम्म्यावर गेला.

गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. पावसाळ्यात काही घाट बंद होतात, वरंध घाट तर बहुतेक दर वर्षी. तारीख ठरवताना हे बघा.

स्वतःच्या हातातल्या पिशवीत: सगळे मूळ कागद, दागिने, पंधरा दिवसांची औषधं, चहाचं सामान, एक स्क्रू ड्रायव्हर, मेणबत्त्या. पहिल्या रात्री वीज जाणारच असं धरून चाला.

## ९. कागदपत्रं: एकामागून एक, एकदम नको

- गॅस. सिलिंडर असेल तर जुन्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून बदलीचा कागद घ्या आणि नव्या गावच्या त्याच कंपनीच्या एजन्सीत द्या. मुंबईत पाइपचा गॅस असेल तर तो बंद करून अनामत परत मागा. पाइप आला तेव्हा बऱ्याच जणांनी सिलिंडर परत केलेला असतो, त्यांना नवीन जोडणी घ्यावी लागते. त्यासाठी अर्ज आठवडाभर आधी करा, नाहीतर शेगडी शोभेची.
- आधार. नोंदणीकृत करारावरून पत्ता बदला. हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका, प्रत्येक खिडकीवर आधी हेच विचारतात.
- मतदार यादी. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरा. नवीन नाव नोंदवण्याचा नमुना ६ भरला तर नाव दोन ठिकाणी लागतं.
- गाडी. आरसी बुकावरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा असतो.
- रेशन कार्ड. धान्य उचलत असाल तर देशात कुठल्याही दुकानातून मिळू शकतं, त्यामुळे घाई नाही. कार्ड बदलून घ्यायचं तर तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा.
- बँक. खातं हलवू नका, फक्त पत्ता बदला. गावात एका बँकेत नवं खातं मात्र उघडा, ओळख होते.
- आरोग्य विमा. पत्ता बदलल्याचं कंपनीला लेखी कळवा.

सावधान: मुंबईचा मोबाइल नंबर बंद करू नका. सगळे ओटीपी त्यावरच येतात.

## १०. पहिलं वर्ष

मेमध्ये आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवा. गहू-तांदूळ, डाळी, कांदे, सुकी मासळी, बॅटऱ्या, औषधं. शेजारी करतात तसंच करा. ते कौतुकाने करत नाहीत, गरज म्हणून करतात. मुंबईला जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं त्या दिवशी सकाळी आठला बसा. गणपतीतलं तिकीट काही मिनिटांत संपतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात.

वहीत रोजचा खर्च लिहा. पहिल्या टप्प्यातल्या आकड्यांशी दर तीन महिन्यांनी ताडून बघा. गावच्या लोकांना मुंबईत कसं होतं ते सांगत बसू नका. हे मला बायकोने दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा शेजाऱ्यांनी.

## ११. खरेदी: वर्ष झाल्यावर, आणि या क्रमाने

जमीन कसली आहे ते आधी. जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘‘नंतर करू ना तुमचं सगळं कायदेशीर’’ म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच नमस्कार करा. जमीन बिगरशेती असल्याचा कागद मागा आणि तो तुमच्याच गट नंबराचा आहे का ते बघा. एक-दोन गुंठ्यांचा तुकडा असेल तर तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरच्या कायदेशीर बंधनाचा, प्रश्न येऊ शकतो. स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सातबारा नीट वाचा. मालकाचं नाव बघून थांबू नका. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागू शकते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, वारसांचे हक्क, काय काय निघतं. कोकणात कुळाचं प्रकरण पन्नास वर्षांनीही डोकं वर काढतं. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे मागे काढत जा. प्रत्येक नाव कसं आलं आणि कसं गेलं ते जुळलं पाहिजे.

गावठाणातलं घर. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून लोक घर विकतात. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. मालमत्ता पत्रक मागा. स्वामित्व योजनेत मोजणी झालेल्या गावांत ते मिळतं.

फ्लॅट असेल तर. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचा किंवा ८ पर्यंत सदनिकांचा प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदवावा लागत नाही. छोट्या गावातल्या बऱ्याच इमारती अशाच असतात, म्हणजे तपासणी तुमची तुम्हालाच करायची आहे. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नगरपरिषदेतून खात्री करून घ्या.

बँक आधी, विसार नंतर. कर्ज काढणार असाल तर सगळे कागद बँकेच्या वकिलाला दाखवून घ्या. बँक नाही म्हणाली तर रोखीने घ्यायच्या फंदात पडू नका; तिने का नाकारलं ते विचारा. मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि मग विसारपावती. तिच्यावर अमुक तारखेपर्यंत व्यवहार झाला नाही तर पैसे परत, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क नगरपरिषदेपेक्षा कमी असतं, स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर आणखी एक टक्का सवलत. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

वाट. हे कागदावर नसतं म्हणून शेवटी राहतं. मोजणीचा नकाशा घेऊन जागेवर उभे राहा आणि रस्त्यापासून तुमच्या दारापर्यंत चालत या. मध्ये कुणाची जमीन लागते? ‘‘पूर्वापार सगळे इथूनच जातात’’ या वाक्यावर कुणी पैसे देऊ नये. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक परडं, म्हणजे बागेची छोटी जागा, जवळजवळ घेतलंच होतं. कागद चोख, विहिरीला पाणी, दोन हापूसची कलमं. वाट मात्र शेजारच्या आगरातून, त्यांच्या बागेतून, जात होती. त्या शेजाऱ्यांकडे चहा प्यायला गेलो. काकांनी दोन वेळा बिस्किटं पुढे केली, हवापाण्याचं बोलले, आणि वाटेबद्दल लेखी काही देणार का म्हटल्यावर म्हणाले, ‘‘बघू की. तुम्ही आधी राहायला तर या.’’ आम्ही अजून भाड्याच्या घरात आहोत.